मार्चमधला बोकड

म्युनिकला आमच्याकडे उतरणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हे विचारतो. परवा पुण्याहून आलेल्या आतेभावाने ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. "ताई, बियर कशी थंडगार, हलकी हवी. ही काळी, जड, गोडसर डोपलबॉक तुला एवढी का आवडते?" तेव्हा पानं वाढायची होती, उत्तर अर्धंच राहिलं. तर भावा, तू विचारलंस म्हणून आता तुलाच नीट सांगते.

आधी नावाचं. जर्मनमध्ये बॉक म्हणजे बोकडच. आयिंग गावच्या सेलेब्रेटर या डोपलबॉकच्या बाटलीच्या गळ्यात तर चिमुकला पांढरा प्लास्टिकचा बोकड लटकवलेला असतो. आमच्या फ्रीजच्या दांडीला असे बरेच जमलेत. पण मुळात हे गावाचं नाव. उत्तरेकडच्या आइनबेकची कडक बियर मध्ययुगात लांबलांब जायची. बव्हेरियात बोलता बोलता आइनबेकचं आइनपॉक झालं, आणि त्यातला 'बॉक' तेवढा उरला.

डोपल म्हणजे दुप्पट, आणि इथे गोष्ट उपवासाची आहे. म्युनिकच्या आऊ भागात पाउलानर संन्याशांचा मठ होता. १७व्या शतकापासून ते तिथे बियर गाळत. मांस, अंडी, दूध त्यांना बारा महिने वर्ज्य. त्यात ईस्टरआधीचे ४० दिवस उपवासाचे, पण पातळ पदार्थाने उपवास मोडत नाही असं मानलं जाई. मग अंगात बळ राहील अशी दाट, पौष्टिक बियर त्यांनी केली. आपल्याकडे लगेच कुणीतरी 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणेल. मला तसं वाटत नाही. माझी आजी एकादशीला वरीचा भात आणि दाण्याची आमटी पोटभर जेवायची आणि दिवसभर राबायची. तिच्या उपवासात खोट नव्हती, यांच्याही नव्हती.

त्या बियरचं नाव साल्वाटोर, म्हणजे तारणहार. इतर ब्रुअऱ्याही आपल्या कडक बियरला तेच नाव द्यायला लागल्या. १८९६ मध्ये पाउलानर ब्रुअरीने ते नोंदवून घेतलं, तेव्हा बाकीच्यांनी निदान शेपूट ठेवलं: ऑप्टिमाटोर, माक्सिमाटोर, ट्रिउम्फाटोर. आजही मार्चमध्ये म्युनिकमध्ये कडक बियरचा हंगाम असतो. तेव्हा दुकानात '-आटोर'ची रांग दिसली की मला थंडी सरत आल्यासारखं वाटतं.

आता चवीचं, खरं उत्तर इथेच आहे. यात वरून साखर घालत नाहीत. जव, हॉप्स नावाची कडवट फुलं, पाणी, यीस्ट, बस. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणून वाळवतो ना, तसेच जवाला मोड आणून तो वाळवतात. फक्त इथे भट्टीत जास्त तापवून तो तांबूस खरपूस करतात. मग त्याचा भरडा कोमट पाण्यात कालवायचा, त्यातला एक भाग काढून वेगळ्या भांड्यात उकळायचा आणि परत मूळ कढईत ओतायचा. जुन्या रीतीत हे दोन-तीनदा करतात. त्या उकळण्यातून भाकरीच्या करपल्या कडेसारखी खमंग चव उतरते. साध्या बियरच्या रसात आंबवण्याआधी ११-१२ टक्के अर्क, म्हणजे मुख्यतः जवातून उतरलेली साखर, असतो, डोपलबॉकमध्ये १८ तरी हवाच. पुढे थंड तळघरात कित्येक आठवडे मुरवत ठेवायची. घाई केलेली डोपलबॉक मी प्यायले आहे. ती नुसती गोड लागते, घशात चिकटते.

मला ती कळली आंडेक्सला. हे बेनेडिक्टाइन संन्याशांचं ठिकाण, मठ १४५५चा. एस-८ लोकलने शेवटच्या हेर्शिंग स्टेशनला उतरायचं आणि ओढ्याच्या कडेने तासभर जंगलातून चढायचं. पहिल्यांदा गेले तो मार्च होता, झाडं उघडी, वाटेवर अर्धवट वितळलेला बर्फ, बोटं बधिर. वर मठाच्या बियरघरात अर्ध्या लिटरचा ग्लास समोर आला. आधी काळा वाटला. खिडकीसमोर धरला तर कोकम सरबतासारखा लाल. फेस साईसारखा पिवळट. पहिल्या घोटाला फक्त गारवा लागला. मी भिजलेले मोजे वाळवत, ब्रेझेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, मोडत बसून राहिले. अर्ध्या तासाने ग्लास जरा कोमटला तेव्हा काकवी आली, मग खजूर, मग भाजल्या पावाचा कडक पापुद्रा, आणि शेवटी हॉप्सचा थोडासा कडूपणा, गोडी आवरण्यापुरता.

म्हणून तुझं चुकलं ते इथे: फ्रीजमधून काढल्याकाढल्या प्यायलास. तिच्यात ७ टक्क्यांच्या वर अल्कोहोल आहे, तहान भागवायला ती नाहीच. एक ग्लास, दहा अंशांच्या आसपास, सोबत गप्पांना माणूस. मी दुसरा घेत नाही. पहिल्यातच संध्याकाळ सरते.

पुढच्या वेळी मार्चमध्ये ये. चांगले बूट आण, चढ आहे.