दोन रेझिस्टर आणायला लॅमिंग्टन रोडला

पुण्याहून दोन रेझिस्टरसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठला, हे घरी सांगायची सोय नाही. पण व्होल्टेज कमी करणाऱ्या एलएम२५९६ चिपच्या तयार मॉड्यूलवरचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलायचा रेझिस्टर) आतून सुटला आणि १२ व्होल्ट थेट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात गेले. आउटपुट किती ते चिपला फीडबॅकच्या पिनवरून कळतं; तिथे शून्य दिसलं की बिचारी आतला स्विच पूर्ण चालूच ठेवते. पाय मेला.

सव्वासातची डेक्कन क्वीन धरली आणि घाट येईपर्यंत वहीत हिशोब केला. चिपचा रेफरन्स, म्हणजे फीडबॅकच्या पिनवर ती राखते ते व्होल्टेज, १.२३ व्होल्ट. आउटपुट दोन रेझिस्टर ठरवतात, वरचा आउटपुट ते फीडबॅक आणि खालचा फीडबॅक ते ग्राउंड: १.२३ गुणिले (१ अधिक वरचा भागिले खालचा). मला ५.१ हवे होते. खालचा १ के (हजार ओहम) धरला तर वरचा ३.१५ के येतो, आणि तो मागितला की दुकानदार नुसता बघत राहतो. ३.३ के घातला तर ५.२९. मग खालचाच बदलला: १.५ के आणि ४.७ के. आले ५.०८, आणि दोन्ही कुठेही मिळणारे. डेटाशीट खालच्याला १.५ केच्या वर जाऊ देत नाही, ते ऐका. मागे वीज वाचवायला मी १५० के लावला होता, तेव्हा कॉइलचा गोंगाट फीडबॅकच्या पिनवर शिरून आउटपुट नाचायला लागलं.

दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो पकडा, ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर पडा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल, विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. रविवारी जाऊ नका.

पहिल्या दुकानात सोनेरी पट्ट्याचे, म्हणजे लिहिलेल्या ओहमपेक्षा ५ टक्के इकडेतिकडे असू शकणारे हातात आले. त्यांनी आउटपुट ४.७ ते ५.४९ कुठेही जाऊ शकतं. १ टक्का मेटल फिल्म मागा, आणि मल्टीमीटर बरोबर न्या. त्यांच्या निळ्या अंगावरच्या, ओहम सांगणाऱ्या पट्ट्यांतले तपकिरी आणि लाल ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. शिवाय १.५ केचे पट्टे तपकिरी-हिरवा-काळा-तपकिरी-तपकिरी. उलटे वाचले की ११ मेगाओहम!

"सौ से कम नहीं मिलेगा," असं ऐकून शंभर-शंभर घेतले.

घरी प्रीसेट आणि खालचा रेझिस्टर उपटून नवे दोन फीडबॅकच्या पिनच्या अगदी जवळ सोल्डर करून बसवले. मीटरवर ५.११. रेफरन्सच ३ टक्के इकडेतिकडे असतो, त्यामुळे ०.१ टक्कावाल्यांवर पैसे घालवू नका. प्रीसेट हवाच असेल तर खालच्या बाजूला लावा. सुटला तर आउटपुट १.२३ वर येईल, १२ वर नाही.

९९ अधिक ९९ रेझिस्टर उरलेत. पुण्यात कुणाला हवे असतील तर सांगा.