शॉवरच्या भिंतीतली ओल: टाइल्स उतरवल्या, आता भिंत वाळतेय

आमच्या शॉवरच्या भिंतीपलीकडे आईची खोली आहे, तिथे पलंगामागे ओलीचा डाग पडला होता. ही ओल नेमकी कुठून येते, पाइपातून की शॉवरच्या पाण्यातून, ते आता नक्की झालं. शॉवर वापरणं बंद केलं, आंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये. पाइपलाइन मात्र पाण्याने भरलेली, दाबाखाली ठेवली. आईच्या पलंगामागचा डाग वाढायचा थांबला आणि कडेने सुकायला लागला. पाइप गळत असता तर शॉवर बंद असूनही डाग पसरतच राहिला असता. म्हणजे पाणी शॉवरचंच, टाइल्सच्या सांध्यांतून आत शिरणारं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टाइल्स वाजवून पाहिल्या. वर भरीव आवाज, खालच्या ओळी पोकळ. छिन्नी लावताच कोपऱ्यातली पहिली टाइल अख्खी हातात आली. मागे सिमेंटच्या मसाल्याचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. बाकी सगळी जागा रिकामी, तिथे काळपट, चिकट थर आणि कुबट वास.

गोळे लावून टाइल बसवली की काम भराभर उरकतं, पण शॉवरच्या भिंतीचं त्यात वाटोळं होतं. सांध्यांत भरलेला सिमेंटचा ग्राउट सच्छिद्र असतो. त्यातून झिरपलेलं पाणी पोकळीत साचतं, पुढून टाइलने वाट अडवलेली, मग ते साडेचार इंची विटांच्या भिंतीत मुरतं आणि पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे काढतं. तिथला पांढरा भुगा म्हणजे लोणा. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. लोणा ओल्या फडक्याने पुसू नका, विरघळून परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि गोळा करून फेकायचा.

मिस्त्रीचं म्हणणं, "ऊपर से एपॉक्सी भर दो, हो जाएगा." मला हे अजिबात पटत नाही. एपॉक्सी, म्हणजे रेझिनच्या ग्राउटमधून पाणी जवळजवळ आत जात नाही हे खरं, पण भिंत ओली असताना सांधे बंद केले तर आतलं पाणी आईच्या खोलीकडूनच बाहेर पडणार. आधी भिंत वाळली पाहिजे, मग बाकीचं.

म्हणून गिलावा विटेपर्यंत काढला. इंदूरचा मे महिना या कामासाठी उत्तम, हवा इतकी कोरडी की दुपारी खिडकी उघडी ठेवून टेबलफॅन लावला की पुरे. घाई एवढीच की जूनच्या मध्यावर पाऊस येतो. रोज रात्री भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करतो आणि सकाळी काढून बघतो. वर आता प्लास्टिक कोरडं निघतं. जमिनीलगतच्या विटांपाशी मात्र आतून अजून बारीक थेंब धरतात. ते थांबेपर्यंत पुढे जाणार नाही.

सामान सियागंजच्या बाजारातून आणून ठेवलंय. आधी नवा गिलावा, भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात गोला, म्हणजे मसाल्याची गोलसर पट्टी. गिलावा वाळला की पॉलिमर-सिमेंट वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. गोला आणि जमीन कोटिंगखाली आलीच पाहिजे, खरी गळती तिथेच असते. मग पाणी जाण्याची जाळी बंद करून जमिनीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि पातळी बघायची. टाइल्सना आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा अ‍ॅडहेसिव्ह, दातेरी थापीने भिंतभर ओढून, शिवाय टाइलच्या पाठीलाही पातळ थर. अधूनमधून एखादी टाइल ओली असतानाच काढून पाठ तपासणार. ओल्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली हवी.

कोपऱ्यांच्या उभ्या सांध्यांत ग्राउट नाही. तिथे दोन भिंती वेगवेगळ्या हलतात आणि ग्राउटला तडा जातो. सिलिकॉन भरणार, तेही न्यूट्रल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही.

एका गोष्टीत तुमची मदत हवी. गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे जुन्या टाइलचं भोक पाइपच्या दुप्पट मोठं आहे, वरून फक्त स्टीलची झाकणी. मी कोटिंग पाइपला टेकवून त्याभोवती सिलिकॉनचा कडा करायचं ठरवतोय. कुणी रबरी कॉलर वापरली असेल तर फोटो टाका, कोटिंग सुरू करण्याआधी बघून घेईन.