लीडर बदलली, दोऱ्या ताणल्या

चाकाच्या गाडीवरचा सराव आटोपला, स्लेज (कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी) बाहेर निघाली. चार कुत्र्यांच्या स्प्रिंट (कमी अंतराच्या वेगवान शर्यतीच्या) गटाची तयारी कुठवर आली, त्याची ही नोंद.

मोठी घडामोड म्हणजे नीराला लीडवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून, काढून व्हीलला, अगदी स्लेजच्या पुढ्यात आणलं. 'जी-हॉ' (उजवीकडे-डावीकडे वळायच्या हाका) चोख कळणारी कुत्री मागे कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण टगलाइन, म्हणजे स्लेज ओढायची दोरी. धावताना मी कुत्र्यांच्या पायांपेक्षा हार्नेसच्या टोकाच्या त्या दोरीकडे जास्त बघतो. नीरा वळणं अचूक घ्यायची, पण पुढे मोकळी वाट दिसली की तिच्या दोरीला झोळ पडायचा. धावायची, ओढायची नाही. आता पुढे कुणाची तरी पाठ दिसते म्हटल्यावर पठ्ठी जीव तोडून ओढते! शिवाय वळणावर स्लेज आतल्या बाजूला झाडांकडे घसरायला लागली, की स्वतःच गँगलाइनवरून (मधल्या मुख्य दोरीवरून) उडी मारून बाहेरच्या अंगाने जोर लावते. हे तिला कुणीही शिकवलेलं नाही.

लीडला आता भोला आणि राणी. भोला 'हॉ' ऐकलं की आधी मागे वळून माझ्याकडे बघतो. राणी मात्र तोवर डावीकडे वळलेली असते, आणि दोघांचे गळपट्टे जोडणाऱ्या नेकलाइनमुळे यालाही जावंच लागतं. तूर्त एवढ्यावर भागतंय.

अलास्कातल्या इडिटारॉडसारख्या सुमारे १,६०० किलोमीटरच्या शर्यतीत दमलेलं कुत्रं चेकपॉइंटवर सोडून पुढे जाता येतं. आमच्या गटात ते स्लेजवरच्या पिशवीत घालून आणायचं, म्हणजे ओढणारं एक कमी आणि ओझं एकाचं जास्त. म्हणून सुरुवातीचा टप्पा मी मुद्दाम ड्रॅग मॅटवर (स्लेजमागच्या, वेग कमी करणाऱ्या चटईवर) पाय ठेवून काढतो. जोशात सुटलेली टीम लवकर तापते, आणि कुत्र्याला अंग गार करायला मुख्यतः धापाच टाकाव्या लागतात. त्यामुळे थंडी कमी असेल त्या दिवशी सराव बंद, वेळापत्रक काहीही म्हणो. पाणी द्यायचं ते निघण्याच्या बरंच आधी, तेही मांसाचा रस घालून. नुसत्या पाण्याला आमची मंडळी तोंड लावत नाहीत.

कुत्र्यांचे बूट अजून डोकेदुखी आहेत. ओल्या बर्फाचे गोळे बोटांत अडकतात म्हणून घालावेत, तर राणी दातांनी पट्टे सोडवते.

आता पासिंग, म्हणजे एका टीमने दुसरीला ओलांडणं. मागच्याने 'ट्रेल!' अशी हाक दिली की वाट द्यायची, हे मला ठाऊक आहे, भोलाला नाही. त्याला येणाऱ्या प्रत्येक टीमशी ओळख करून घ्यायची असते. 'ऑन बाय' (न थांबता पुढे चला) घोटून घेण्यासाठी पुढचा सराव दुसऱ्या एका टीमबरोबर ठरवलाय, आधी ती उभी असताना, मग चालती.