तुम्ही विचारलंत म्हणून: माझं नाव पिराजी कसं?

‘पिराजी? पण तुम्ही तर आपल्यातलेच ना?’ घर भाड्यानं घेताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावताना हा प्रश्न मला विचारला गेलाय. गेल्या महिन्यात सोसायटीच्या बैठकीत पुन्हा विचारला, तोही आवाज खाली आणून. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

माझ्याआधी आईची दोन लेकरं गेली. मग आज्जी शिवेवरच्या पिराला नवस बोलली, की पोर जगलं तर तुझं नाव ठेवीन आणि पाच वर्षं गलफ, म्हणजे थडग्यावरची चादर, चढवीन. मी जगलो. नाव पिराजी ठेवलं. नवस, ऊद, गुरुवार, मलिदा हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आज्ज्यांनी हे केलंय.

पीर हा फारसी शब्द. मूळ अर्थ म्हातारा, वडीलधारा. त्यावरून गुरू, सिद्धपुरुष. त्याला जो ‘जी’ लागला तो तुकोजी-राणोजीला लागतो तोच. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शाह म्हणजे फारसीत राजा. दौलतरावातली दौलत आणि हैबतरावातली हैबत अरबीतून आली. गुलाब म्हणजे तर फारसीत गुलाबपाणी: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. आमच्या एका चुलत्यांचं नाव भिकाजी, आणि पलीकडच्या वाडीत एक फकीरा होता. फकीर म्हणजे अरबीत गरजवंत. दोन भाषांतून दोन आया एकच गोष्ट म्हणत होत्या, की हे लेकरू आमच्या पदरात भीक म्हणून पडलंय, याला नजर लावू नका.

हे सगळं मी घडाघडा सांगतो तेव्हा मी वकिली करत असतो, हे मला कळतं. शहाजीराजांचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो, म्हणून मी ते घेतो. माझ्या आज्जीच्या नवसाला राजाचा दाखला कशाला लागावा? आणि दाखला नसता तर मी काय केलं असतं? काय केलं असतं ते मला माहीत आहे, कारण ते मी केलेलं आहे.

१९९४ साली मी औरंगाबादला शिकायला गेलो. पहिल्याच दिवशी खोलीतल्या मुलांनी नाव विचारलं आणि माझ्या तोंडून ‘प्रवीण’ निघालं. ठरवून आलो नव्हतो. कागदावर पिराजी होतंच, पण कागद कोण बघतं? दोन महिन्यांत सगळ्या वसतिगृहात मी प्रवीण झालो.

दिवाळीच्या आधी आण्णा आले, न कळवता. डोक्याला पटका, काखेत धपाट्यांचं गाठोडं. त्यांना वाचता येत नव्हतं. ते खाली उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, ‘आमचा पिराजी कुठं राहतो?’ आम्ही चौघं वरच्या गॅलरीत होतो. एक मुलगा खाली वाकून ओरडला, ‘इथं कुणी पिराजी नाही, बाबा. मुसलमानांची पोरं पलीकडच्या इमारतीत असतात.’ आण्णांनी वर पाहिलं. मी खांबामागं सरकलो. किती सरकलो? वीतभर. तेवढं पुरलं. ते पलीकडच्या इमारतीकडं गेले, तिथं विचारलं, परत आले, फाटकापाशी थोडा वेळ बसले आणि गाठोडं वॉचमनकडं देऊन निघाले.

मी अर्ध्या तासानं खाली उतरलो. स्टँडवर धावत गेलो. ते बीडच्या गाडीच्या फलाटावर उकिडवे बसले होते. मला वाटलं होतं, शिव्या देतील. मला बघून उठले, खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, ‘हितं तुझं नाव काय हाय ते सांगून ठेव. म्होरल्या टायमाला त्याच नावानं इचारतो.’

मी सांगितलं नाही. ते पुन्हा वसतिगृहावर आले नाहीत. त्यांनी मला गॅलरीत पाहिलं होतं का, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.

तेव्हाच्या त्या पोराला मी अनेकदा जाब विचारतो. तो म्हणतो, तू आज ठामपणे ‘पिराजी’ म्हणतोस, कारण आज तुझ्याकडे नोकरी आहे, घर आहे. माझ्याकडे तिथं एक खाट होती आणि तीन मित्र. याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

काही जण भल्या मनानं सुचवतात, राजपत्रात देऊन नाव बदलून घ्या. २०११ साली साताऱ्यात नकुशी नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली, तो दाखला देतात. तो इथं चालत नाही. त्या मुलींच्या नावात ‘ही नको होती’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि ते पुसलं हे उत्तम झालं. माझ्या नावात ‘हा हवा होता’ असं लिहिलंय. ते मी कुणाच्या सोयीसाठी पुसू?

पण मग मुलाचं नाव आरव का ठेवलं, हे बायकोनं विचारलं तेव्हा मी ‘छान वाटतं’ म्हणालो. बारशाला कुणी तरी सांगितलं, आरव म्हणजे शांत. मी शब्दकोश काढला. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. खरं कारण अर्थाचं नव्हतंच. याला कुणी काही विचारणार नाही, एवढंच मी पाहिलं होतं.

आता तो नववीत आहे. शाळेच्या हजेरीपटावर त्याचं, माझं आणि आडनाव अशी तिन्ही नावं आहेत. परवा त्याच्या वह्यांना कव्हर घालताना पाहिलं. गेल्या वर्षीच्या वह्यांवर पूर्ण नाव होतं. या वर्षी सगळ्या वह्यांवर मधे नुसतं ‘पी.’ आहे.

मी कव्हर घालून वह्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याला अजून काही विचारलेलं नाही.