फाईल बदलली तरी ५०२ जाईना : माझा अनुभव

माझ्या एका मैत्रिणीची साईट मी सांभाळतो, तिचं सगळं काम त्यावरच चालतं, त्यामुळे सर्व्हरला हात लावायचा तर रात्रीच लावतो. तसंच एका रात्री सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम उबुंटू २०.०४ वरून २२.०४ ला अपग्रेड केली, जुनी पॅकेजेस काढून टाकू का असं शेवटी विचारलं त्याला हो म्हटलं, मशीन रिबूट झालं, आणि साईट उघडली तर पांढऱ्या पानावर ५०२ बॅड गेटवे आणि खाली एनजिनएक्सचं, म्हणजे पानं पाठवणाऱ्या वेब सर्व्हरचं, नाव, बाकी काही नाही.

पहिला तास मी नुसता वाया घालवला. एनजिनएक्स तीनदा रीस्टार्ट केला, फायरवॉल बघितली, डीएनएससुद्धा तपासलं. आता लिहिताना कळतंय की यातलं काहीच बघायची गरज नव्हती, कारण ५०२ दिसतोय म्हणजे एनजिनएक्स जिवंत आहे, ते पान तोच पाठवतोय, फक्त त्याच्या मागे जो पीएचपी-एफपीएम (साईटचा पीएचपी कोड चालवणारा प्रोग्राम) बसलेला असतो त्याच्यापर्यंत तो पोचत नाहीये. हे लक्षात ठेवलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

मग एरर लॉग उघडला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की पीएचपी ७.४ च्या सॉकेटला (ज्या फाईलमधून हे दोघं एकमेकांशी बोलतात तिला) कनेक्ट करायला गेलो, '२: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी', म्हणजे अशी फाईलच नाही. उबुंटू २०.०४ बरोबर पीएचपी ७.४ येतं, २२.०४ बरोबर ८.१, आणि सॉकेटच्या फाईलच्या नावातच व्हर्जनचा आकडा असतो. जुनं पॅकेज गेलं तसं ते सॉकेटही गेलं. साईट डॉट कॉन्फ या एनजिनएक्सच्या सेटिंगच्या फाईलमध्ये मात्र मी ७.४ चंच नाव लिहून ठेवलेलं. (इथे क्रमांक २ च्या ऐवजी १३, 'परमिशन डिनाईड' असतं तर सॉकेट जागेवर आहे पण उघडायची परवानगी नाही असा अर्थ झाला असता, तो तपास वेगळा. म्हणून तो आकडा नीट वाचा.)

सोपं होतं. फाईलमध्ये ७.४ चं ८.१ केलं, टेस्ट कमांड चालवली, 'टेस्ट इज सक्सेसफुल' आलं, रीलोड केलं. तरी ५०२. म्हटलं ब्राउझरने जुनं धरून ठेवलं असेल, म्हणून सर्व्हरवरूनच कर्लने (कमांड देऊन पान मागवायचं साधन) हेडर मागवले, तिथेही ५०२. आणि लॉगमध्ये परत ७.४! फाईल उघडून बघतोय तर ८.१ दिसतंय, सेव्ह झालेली आहे, आणि सर्व्हर म्हणतोय ७.४. इथे मी खरोखर घाबरलो, रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी नऊला तिला साईट लागणार होती.

उत्तर त्या टेस्टच्या आउटपुटमध्येच होतं. मी फक्त शेवटची ओळ वाचत होतो. तिच्या वर एक वॉर्निंग होती, 'कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम' आणि पुढे 'इग्नोर्ड'. म्हणजे एकाच डोमेनचे दोन सर्व्हर ब्लॉक (एका साईटच्या सेटिंगचा भाग) सापडलेत आणि त्यातला एक त्याने सोडून दिलाय, पण ही एरर नाही, नुसती वॉर्निंग, म्हणून टेस्ट पास. मग टेस्टचीच कमांड कॅपिटल टी लावून चालवली, त्याने एनजिनएक्स खरंच कोणकोणत्या फाईली वाचतोय ते फाईलच्या नावासकट सगळं छापून येतं. आणि त्यात दिसली साईट डॉट बॅक. अपग्रेडच्या आधी मीच घेतलेली बॅकअप कॉपी, तिथेच, साईट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये.

माझी समजूत होती की तो फक्त कॉन्फ एक्स्टेन्शनच्या फाईली घेतो. कॉन्फ डॉट डी या फोल्डरसाठी ते खरं आहे. पण उबुंटूवर साईट्स-एनेबल्डसाठी नुसता स्टार लिहिलेला असतो, जे असेल ते सगळं आत. त्यात फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, बॅक हे कॉन्फच्या आधी येतं, आणि जो ब्लॉक आधी सापडला तो धरला जातो. म्हणजे मी दुरुस्त करत होतो ती फाईल वाचून बाजूला टाकली जात होती. बॅकअप तिथून हलवली, रीलोड केलं, कर्लने २०० (म्हणजे सगळं ठीक) दिलं. आता बॅकअप मी होम फोल्डरमध्ये ठेवतो, सिस्टीमच्या सेटिंग जिथे असतात त्या ईटीसी फोल्डरच्या आसपाससुद्धा नाही.

झोपायच्या आधी एक फोटो अपलोड करून बघितला ते बरं केलं, कारण तो चढेना. एनजिनएक्सची मर्यादा मी पूर्वीच २० एमबी केलेली होती, पण पीएचपी ८.१ ची सेटिंगची आयएनआय फाईल नवीकोरी आलेली, तिच्यात अपलोडची मर्यादा मूळची २ एमबी. ती वाढवली, आणि यावेळी एनजिनएक्स नाही तर एफपीएम रीलोड केला.

सकाळी ती कामाला बसली तेव्हा मी लॉग उघडा ठेवून बघत होतो. तिने पहिला फोटो चढवला, अपलोडच्या पोस्ट रिक्वेस्टची ओळ आली, पुढे २००.