ऑपरेशनची भीती आणि प्रार्थना: माझा अनुभव

ऑपरेशनची तारीख मिळाली की भीती एकदम अंगावर येते, आणि भीतीच्या एवढ्या मोठ्या गोळ्यासाठी नीट प्रार्थनाही करता येत नाही. ‘प्रभू, माझी भीती काढून टाक’ एवढंच म्हणत बसलं की आमेन म्हणेपर्यंत मन परत तिथेच. म्हणून मी वही घेतली आणि एका ओळीत एकच भीती लिहिली. भूल उतरलीच नाही तर? मध्येच जाग आली तर? गाठ वाईट निघाली तर? मी अंथरुणाला खिळलो तर घर कोण बघणार? अशी यादी केली की कळतं, यातल्या बऱ्याच प्रश्नांना डॉक्टरांकडे किंवा घरच्यांकडे उत्तर आहे. ज्यांना कुणाकडेच उत्तर नाही असे दोन-तीनच उरतात. प्रार्थना सगळ्यांसाठी करायची, पण गुडघ्यांवर जास्त वेळ द्यायचा तो या उरलेल्यांना.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायातलं नववं वचन मला इथे फार उपयोगी पडलं. शत्रू चालून येणार हे कळल्यावर यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. रुग्णाचा पहारा म्हणजे भूलतज्ज्ञांसमोर काही न लपवणं: रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधं, अ‍ॅलर्जी, आधीच्या भुलेच्या वेळी झालेला त्रास, हलणारा दात, सगळं कागदावर लिहून न्यायचं. उपाशी राहण्याची वेळही त्यांच्याकडूनच घ्यायची; साधारणपणे जेवण 6 ते 8 तास आधी आणि साधं पाणी 2 तास आधी बंद करतात, पण आपल्याला जे सांगितलं असेल तेच खरं. ‘विश्वास आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणारे लोक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटतात. पहारा उठवून नुसती प्रार्थना करणं नहेम्याने शिकवलेलं नाही. तसंच, उपास-प्रार्थना करायची तर ती घरच्यांनी करावी. मधुमेही रुग्णाने तर आपण होऊन मुळीच करू नये, साखर उतरण्याचा धोका असतो.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत तेव्हा मी बायबलमधलं 13 वं स्तोत्र साचा म्हणून वापरतो. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा देवाला ‘किती काळ?’ असं विचारतो, म्हणजे सरळ तक्रारच. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. आपण काय करतो? तक्रार गिळतो, कारण ती अविश्वास वाटते, आणि एकदम शेवटच्या वचनावर उडी मारतो. मग ओठांवर स्तुती आणि पोटात गोळा. तक्रारीला तिचा वेळ द्यावा. यादीतली भीती जशी लिहिली तशीच मोठ्याने वाचावी, मग नेमकं काय हवं ते मागावं, आणि मगच ‘तरी मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवतो’ असं म्हणावं. कधी तिसऱ्या भागापर्यंत पोचताच येत नाही. तेव्हा तिथेच थांबलं तरी चालतं. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये मोबाइल, चष्मा, पुस्तक काही नेता येत नाही. त्यामुळे बरोबर न्यायचं वचन तोंडपाठ हवं, आणि ते छोटं हवं. अख्खा अध्याय पाठ करायला गेलं तर घाबरल्यावर मधली ओळ विसरते आणि त्या विसरण्याचीच नवी धास्ती लागते. एका श्वासात मावेल एवढं पुरे. नाकाने श्वास घेताना मनात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, तोंडाने हळू सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. सोडायचा श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब ठेवायचा. त्याने छातीतली धडधड कमी व्हायला मदत होते. भीती नसताना रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं हा सराव केला, तर गरजेच्या वेळी ते वचन आपोआप ओठांवर येतं. स्ट्रेचरवर पहिल्यांदाच करायला गेलं तर जमत नाही.

वचन निवडतानाही एक सांभाळावं लागतं. 91 वं स्तोत्र रुग्णांना फार ऐकवलं जातं, आणि ते सुंदर आहेच. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, चौथ्या अध्यायात सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगताना याच स्तोत्राचा आधार घेतला होता, हे विसरू नये. येशूने तो सौदा नाकारला. ‘मला काहीही होणार नाही’ या अर्थाने वचन धरलं की रिपोर्टमधला एक आकडा वर गेला तरी विश्वास डळमळतो. ‘काहीही झालं तरी तू बरोबर आहेस’ या अर्थाने धरलेलं वचन रिपोर्टवर अवलंबून राहत नाही. देवाशी नवस केल्यासारखी बोलीही करू नये.

‘विश्वासणाऱ्याला भीती कशाला?’ असं म्हणणारे भेटायला येतात. त्यांच्याशी वाद घालू नये, येशूच्या अटकेच्या रात्रीचा गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचावा. येशूने तिघांना जवळ घेतलं आणि माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असं उघड सांगितलं. दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ असंही म्हटलं. परत जाऊन तेच शब्द पुन्हा उच्चारले. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सांगतो की देवदूताने शक्ती दिल्यावरही येशू व्याकूळ होता आणि अधिकच आग्रहाने प्रार्थना करत होता. म्हणजे सामर्थ्य मिळालं तरी थरथर लगेच थांबेलच असं नाही.

माणसंही दोन-तीनच निवडावीत. अख्ख्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजाराचा तपशील टाकला की दिवसभर फोन आणि प्रत्येकाच्या नात्यातल्या कुणाच्या तरी ऑपरेशनची कहाणी ऐकावी लागते. पाळकांना मात्र आधी कळवावं. याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) बोलावण्याची जबाबदारी रुग्णाचीच आहे. त्यांनी तेल लावून पाच मिनिटं प्रार्थना केली तरी पुष्कळ. वॉर्डात तासभर उपासना झाली तर रुग्ण आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस, दोघेही थकतात.

रात्री दोन-तीनला भीती जास्त चढते. त्या वेळी मी कुठलाही निर्णय घेत नाही आणि इंटरनेटवर आजार शोधत नाही. एलीया संदेष्ट्याने झाडाखाली मरण मागितलं तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं, दोनदा खायला-प्यायला दिलं आणि होरेब डोंगरावरचं बोलणं मागाहून केलं. रात्रीमागून रात्री झोप लागत नसेल, छाती आवळून श्वास कोंडत असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. झोपेची किंवा घबराटीची गोळी घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

ऑपरेशननंतर वेदना अपेक्षित असतात, पण भीती परत येईल असं फारसं कुणी सांगत नाही. गाठ तपासणीला गेली असेल तर रिपोर्टला काही दिवस लागतात, आणि तोवर जुनी यादी कामाची राहत नाही. तिच्यातल्या संपलेल्या ओळींवर काट मारून त्यांच्यासाठी आभार मानावेत, आणि नव्या पानावर नव्या ओळी लिहाव्यात.