गिटारची चमक घालवली, पण कुरिअरने जीव काढला

मे महिन्यात उदगीरला ग्लॉसी गिटार वाजवून बघा, मग मी हा उद्योग का केला ते कळेल. घामाने अंगठा नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) मागे चिकटून बसतो, हात सरकतच नाही. बॉडी काळी कुळकुळीत, प्रत्येक बोटाचा ठसा दिसणार. नवी सॅटिन, म्हणजे बिनचमकेची, गिटार घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आहे तिचीच चमक मारायची ठरवली.

तारा काढल्या, नेकचे चार स्क्रू सोडले, पिकअपवर (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांवर) मास्किंग टेप लावला. अर्ध्या तासाचं काम. मग माती खाल्ली. हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात बारीक म्हणून ४०० नंबरचा घासायचा पेपर मिळाला (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), तो मी पाठीवर फिरवला, तोही गोल गोल. मांजराने नखं मारल्यासारख्या रेघा उठल्या. हवं होतं राखाडी रंगाचं अतिबारीक घासायचं पॅड. (भांड्यांचा हिरवा स्क्रबर चालत नाही, त्यानेही ओरखडे उठतात.) ते ऑनलाइन मागवलं, 'चार दिवसांत मिळेल' असं लिहिलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मेसेज आला, 'घराला कुलूप होतं.' मी तेव्हा ओसरीतच बसलो होतो, मांडीवर बिननेकची गिटार घेऊन. सहाव्या दिवशी, 'पत्ता सापडला नाही.' याच पत्त्यावर शेजारच्या काकूंच्या साड्या दर आठवड्याला येतात! फोन लावला की आधी भाषा निवडा, मग एक दाबा, मग संगीत, मग फोन कट. शेवटी गाडी काढून त्यांच्या गोडाऊनवर गेलो. तिथला पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "पार्सल लातूरला हाय, इथं नाही आलं." मग कुलूप कोणाच्या घराला होतं? "ते सिस्टीमच टाकतंय दादा." आठव्या दिवशी पुन्हा कुलूप. गिटार दिवाणावर तशीच, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार, "हे काय करूलालास रे?" अकराव्या दिवशी मेसेज आला, 'ग्राहकाने पार्सल नाकारले.' मी नाकारलं म्हणे!

त्या रागातच गाडीचा घासलेला दरवाजा रंगवायला डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो आणि सहज रडगाणं गायलो. चाचांनी डबा उघडला. "कितीचा पायजे? आठशे, हजार, पंधराशे?" गाडीचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासायचा वॉटर पेपर! माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. पैसेही घेतले नाहीत.

चाचांनी सांगितल्याप्रमाणे पेपर भिजत घातला, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले, पेपर खोडरबरला गुंडाळला. आधी ८०० ने माझ्या रेघा काढल्या, मग १०००, मग १५००. हात सरळ, एकाच दिशेने, लांबीला. कडांवर दोन-तीन हातच मारा, तिथे क्लिअरचा थर पातळ असतो. पाणी काळं दिसलं की थांबायचं, रंग निघायला लागलाय. हो, आणि स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका, आतलं लाकूड फुगतं. मला हे उशिरा आठवलं, पट्ट्याच्या बटणाजवळ फिनिशला केसाएवढी चीर गेलीच. नेकची फक्त पाठ घासली, फ्रेटबोर्डला (पुढून बोटं दाबतात त्या पट्टीला) हात लावला नाही. कोणी स्टील वूल सुचवलं तर पिकअप बॉडीतून काढूनच वापरा, लोखंडाचा भुगा चुंबकाला जाऊन चिकटतो.

आता अंगठा लोण्यावरून फिरावा तसा फिरतो. आवाजात काडीचा फरक नाही. पुढून मनगट टेकतं तिथे पुन्हा हलकी चमक यायला लागलीय, १५०० चा तुकडा दोन मिनिटं फिरवला की जाते. वर पॉलिश मात्र लावायचं नाही, केलेलं सगळं पाण्यात जाईल.

पॅडचे पैसे परत आले, पण बँकेत नाही, त्यांच्याच वॉलेटमध्ये. म्हणजे ते खर्च करायचे तर पुन्हा पार्सलच मागवायचं.